पायाच्या मापाची सायकल

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकल घ्यायला गेलेल्या माणसाचा आधी पाय मोजला जाई. त्या काळच्या सायकलीचं पुढचं चाक अवाढव्य असे आणि पायडल थेट त्याच चाकाच्या आसाला जोडलेलं असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं हवं, पण पाय जिथवर पोचेल तेवढंच मोठं. लांब पायांच्या माणसाला मोठं चाक, आखूड पायांच्या माणसाला लहान, असा सरळ हिशेब होता. १८८५मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. तिच्यात पायडलची ताकद चेनमधून मागच्या चाकाला मिळत होती. चेन आली आणि पायाची लांबी व चाकाचा घेर यांचा संबंधच तुटला. आता लहान चाकाची सायकलही चेनच्या चक्रांचे दात कमीजास्त करून हवी तितकी वेगवान करता येत होती.

या शोधाचा सर्वांत मोठा फायदा ठेंगण्या माणसांना व्हायला हवा होता. घडलं उलटंच. शर्यतीच्या सायकलींसाठी हळूहळू एकच चाक ठरून गेलं. त्याला ‘७०० सी’ म्हणतात. टायर ज्या कडेवर बसतो तिथे त्याच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. एकच चाक असलं की टायर, ट्यूब, रिम सगळं एकाच मापात बनवता येतं आणि कारखान्याला ते सोयीचं पडतं. सहा फुटी माणसाची रोड बाइक असो की पावणेपाच फुटी बाईची, चाक तेच. लहान करायची ती फक्त फ्रेम. उंचीने फार कमी असलेल्या प्रौढ माणसाच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

अशी माणसं किती असतील? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय महिलांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, आणि सुमारे ११ टक्के महिला १४५ सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीच्या आहेत. म्हणजे दर नऊ जणींत एक. युरोपातल्या कारखान्याच्या मापांच्या तक्त्यात ही बाई बसतच नाही. तिथे ‘ठेंगणी’ म्हणून ओळखली जाणारी ब्रिटनची एमा पूली १५७ सेंटिमीटरची होती, आणि ती २०१०मध्ये टाइम ट्रायलची जगज्जेती झाली. फ्रान्सच्या सॅम्युएल द्युमुलॅंनं १५९ सेंटिमीटर उंचीवर २००८च्या ‘टूर द फ्रान्स’मधला एक टप्पा जिंकला. या दोघांची नावं घेऊन दुकानदार ‘ते चालवतात, मग तुम्हीही चालवाल’ असं म्हणू शकतो. पण आपल्याकडची सरासरी बाई पूलीपेक्षाही पाच सेंटिमीटरने ठेंगणी आहे, हे त्यानं आणि आपणही लक्षात ठेवायला हवं.

आता बऱ्हाणपूरचं घेऊ. तापीकाठचं हे गाव रोड बाइकसाठी फार चांगल्या जागी वसलं आहे. उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर असीरगड आणि सातपुड्याची चढण. दक्षिणेला शाहपूर, इच्छापूर करत मुक्ताईनगरकडे जाणारा सपाट रस्ता. पश्चिमेला रावेर, सावदा, फैजपूर, यावल असा केळीच्या बागांमधून थेट अंकलेश्वरपर्यंत जाणारा मार्ग. सकाळी सहाला निघालं तर ऊन तापायच्या आत चढण, उतार, सपाटी सगळं पायाखालून जातं. गावात सायकलीही भरपूर आहेत. पण दुकानात सायकल मागितली जाते ती चाकाच्या मापानं: ‘चोवीसची द्या’, ‘सव्वीसची द्या’, ‘अठ्ठावीसची द्या’. फ्रेम किती, दांडी किती लांब, क्रँक म्हणजे पायडलचा दांडा किती लांब, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

जुन्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीवर निमाड-खानदेशातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या. सीटवर पाय पुरत नाही म्हणून दांडीखालून पाय घालून कैची, मग दांडीवर, मग सीटवर, असा तो क्रम. मुलगा वाढायचा आणि सायकल एक दिवस त्याच्या मापाची व्हायची. ज्यांची वाढ लवकर थांबली त्यांनी मात्र जन्मभर ढुंगण डावी-उजवीकडे सरकवत पायडल मारलं. मध्य प्रदेश सरकार दूरच्या शाळेत जाणाऱ्या गावच्या मुलामुलींना सायकली देतं, त्यात सहावीला १८ इंची आणि नववीला २० इंची अशी दोन मापं आहेत. शाळकरी पोरांच्या उंचीचा एवढा तरी विचार होतो. मोठ्या माणसाच्या उंचीचा विचार बाजारात अजून सुरूच झालेला नाही.

म्हणून माप आपणच घ्यायचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड वही पायांच्या मध्ये घेऊन सीटवर बसल्याचा दाब येईल इतकी वर ओढा आणि वहीच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतची उंची ही पायाची आतली उंची. सायकलीच्या बाबतीत एकूण उंचीपेक्षा हे माप जास्त महत्त्वाचं आहे. १४७ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं हे माप साधारण ६६ सेंटिमीटर भरतं. पुढचा सगळा हिशेब मी याच ६६वर करणार आहे. तुम्ही तुमचा आकडा घाला.

सीटची उंची ठरवायचे दोन जुने नियम सायकलवाल्यांत चालतात. पहिला हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांच्या १९६७च्या अभ्यासातून आला. पायडल सर्वांत खाली असताना तिथून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर आतल्या उंचीच्या १०९ टक्के ठेवा, असं तो सांगतो. दुसरा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखला जातो. हा ‘टूर द फ्रान्स’ तीनदा जिंकलेला खेळाडू. त्याच्या नियमानुसार क्रँक जिथे फिरतो त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर आतल्या उंचीच्या ०.८८३ पट हवं. दोन्ही आकडे अंतिम नाहीत, सुरुवातीपुरते आहेत. पण ते शेजारी ठेवले की एक मोलाची गोष्ट कळते. १.०९मधून ०.८८३ वजा केले की ०.२०७ उरतात. ही क्रँकची लांबी! म्हणजे क्रँक आतल्या उंचीच्या सुमारे २१ टक्के असेल तरच दोन्ही नियम एकमेकांशी जुळतात. ६६ सेंटिमीटरला हा क्रँक साधारण १३७ मिलिमीटरचा येतो. बाजारातल्या रोड बाइकवर असतो तो १७०चा, फार तर लहान फ्रेमवर १६५चा. १७० मिलिमीटरचा क्रँक २०.७ टक्के भरायचा तर पायाची आतली उंची ८२ सेंटिमीटर हवी. ती असते पावणेसहा फुटांहून उंच पुरुषाची.

बहुतेक लोक ठेंगण्या माणसाला सीट खाली करा, हँडल जवळ घ्या एवढंच सांगतात. क्रँकचं नाव कुणी काढत नाही, आणि गुडघे मात्र लांब क्रँकमुळेही दुखतात. कसं ते पाहा. पायडल खाली असताना पाय पुरायला हवा म्हणून लांब क्रँकला सीट खाली घ्यावी लागते. तेच पायडल वर आलं की लांब क्रँकमुळे पाऊल आणखी वर येतं. १७०ऐवजी १४५चा क्रँक लावला तर सीट अडीच सेंटिमीटर वर जाते आणि वरच्या टोकाला पाऊल अडीच सेंटिमीटर खाली राहतं. गुडघ्याला वाकायला एकूण पाच सेंटिमीटर जागा मिळते. साठ किलोमीटरच्या फेरीत गुडघा हजारो वेळा वाकतो, त्याला ही जागा फार मोठी असते.

आखूड क्रँकनं ताकद कमी पडेल अशी भीती असते. जिम मार्टिन आणि वॅनीन स्पिर्डूसो यांनी २००१मध्ये १२०पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे पाच क्रँक लावून सायकलस्वारांची कमाल ताकद मोजली. १४५ आणि १७० जवळपास सारखेच निघाले. अगदी टोकाच्या १२० आणि २२०लासुद्धा फरक चारेक टक्क्यांचाच होता. म्हणजे माणसाला क्रँकच्या लांबीपेक्षा गिअर योग्य असण्याची गरज जास्त आहे. सध्याचा सर्वांत गाजलेला सायकलपटू तादेय पोगाचार पावणेसहा फुटांच्या आसपास आहे, तरी तो १६५चा क्रँक वापरतो.

आता चाकाकडे येऊ. ७०० सी चाकावर २५ मिलिमीटरचा टायर चढवला की आसापासून टायरच्या कडेपर्यंत ३३६ मिलिमीटर होतात. फ्रेम लहान करायला गेलं की पुढचं चाक पायाकडे सरकतं. क्रँकच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर सर्वांत लहान फ्रेमवर ५७० मिलिमीटरच्या आसपास उरतं. पायडल समोर आलं की १६५चा क्रँक, त्यापुढे बुटाचं टोक ८० मिलिमीटर, आणि चाकाचे ३३६: बेरीज ५८१. जागा ५७०. म्हणजे हँडल वळवताना बूट चाकाला घासणार. वेगात जाताना हँडल इतकं वळतच नाही, तेव्हा काही होत नाही. पण गावातल्या शनवाऱ्याच्या गर्दीत हळू वळताना, किंवा असीरगडाच्या चढणीवर दम लागून सायकल डुलायला लागते तेव्हा पाय अडकतो आणि माणूस आडवा होतो. हाच हिशेब १४५चा क्रँक आणि सव्वीस इंची चाकावर ३२चा टायर घेऊन केला तर बेरीज ५३६ येते, आणि सव्वातीन सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा मोकळी राहते.

ही अडचण कारखान्यांना ठाऊक आहे. चाक न बदलता ती टाळण्यासाठी ते पुढचा चिमटा जास्त तिरका करतात. दुसरीकडे सीटची नळी जास्त उभी केली की दांडीची लांबी कागदावर कमी दिसते. सीटची नळी एक अंश उभी केली की या मापाच्या सायकलीत दांडी सुमारे एक सेंटिमीटरने आखूड छापली जाते. हात पोचायचं अंतर मात्र तेवढंच राहतं, कारण नीट पायडल मारण्यासाठी तुम्ही सीट मागे सरकवणारच. म्हणून तक्त्यात दांडीच्या लांबीवर जाऊ नका. ‘रीच’ नावाचा आकडा पाहा. क्रँकच्या आसाच्या सरळ वर काढलेल्या रेघेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं हे आडवं अंतर आहे. एकाच कंपनीच्या दोन लगतच्या लहान मापांत हा आकडा जवळपास सारखाच सापडला, तर त्यातलं लहान माप नावापुरतंच लहान आहे.

उतरती दांडी पाहूनही अनेक जण फसतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज यांनी ‘जायंट’ कंपनीसाठी केलेल्या आराखड्यापासून रोड बाइकची दांडी मागे उतरती झाली. उभं राहताना ती अडत नाही, हा तिचा खरा उपयोग. पण सायकलीची लांबी त्यानं कमी होत नाही. पाय टेकला म्हणजे सायकल मापाची झाली, असं नाही.

चाकच लहान करायचं धाडस जॉर्जिना टेरी या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्या बाईंनी केलं. १९८५मध्ये सुरू केलेल्या आपल्या कंपनीतून त्यांनी ठेंगण्या बायकांसाठी सायकली विकायला काढल्या, ज्यांचं मागचं चाक नेहमीचं ७०० सी होतं आणि पुढचं २४ इंची. पुढचं चाक लहान केल्यानं हँडल जवळही आलं आणि खालीही, आणि पायही चाकाला लागेना. मला ही सायकल फार मानाची वाटते, कारण तिच्यात आधी माणूस मोजला आणि मग लोखंड कापलं. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या रस्त्यावरच्या शर्यतींना मात्र ती चालत नाही. तिथे दोन्ही चाकं सारखी लागतात आणि टायरसह व्यास ५५ ते ७० सेंटिमीटरच्या आत लागतो. दोन्ही चाकं लहान ठेवली तर नियमाची काहीच आडकाठी नाही. ‘कॅन्यन’ कंपनीनं २०१७च्या सुमारास बायकांच्या सर्वांत लहान फ्रेमना ‘६५० बी’ ही लहान चाकं दिली ती याच वाटेनं.

लहान चाक हळू जातं हा समज फार घट्ट बसला आहे. अॅलेक्स मोल्टन यांच्या सतरा इंची चाकांच्या सायकलीला वारा कापणारं कवच लावून जिम ग्लोवरनं १९८६मध्ये व्हँकूव्हरला २०० मीटरच्या टप्प्यात ताशी ८२ किलोमीटरहून जास्त वेग गाठला होता. आपल्याला एवढं नको. सव्वीस इंची चाकावर बारीक टायर असेल तर एका फेऱ्यात सायकल १.९५ मीटर जाते. पुढे ४२ दात, मागे ११, आणि मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी ४० किलोमीटर होतो. इच्छापूरच्या सपाट रस्त्यावर एवढा वेग टिकवणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. चढणीला तर लहान चाक मदतच करतं, कारण सगळे गिअर आपोआप हलके होतात. खडबडीत रस्त्यावर लहान चाक थोडं जास्त दचके देतं, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे ३२ ते ३८चा रुंद टायर आणि थोडी कमी हवा.

मग बऱ्हाणपुरात राहणाऱ्या, पायाची आतली उंची ६८ सेंटिमीटरच्या आत असलेल्या माणसानं घ्यायचं काय?

परदेशी पुस्तकं ‘६५० सी’ चाक सुचवतात. त्याचा रिम ५७१ मिलिमीटरचा. आराखडा म्हणून ते उत्तम आहे, पण त्याचा टायर गावातच काय, इंदुरातही सहज मिळणार नाही. शाहपूरच्या पुढे पंक्चर झालं आणि टायर फाटला तर सायकल टेम्पोत घालूनच घरी आणावी लागेल. ‘६५० बी’चा रिम ५८४चा आहे. त्यावर ४७चा जाड टायर असतो तेव्हा बाहेरचा व्यास ७०० सी इतकाच होतो आणि चाक लहान केल्याचा सगळा फायदा निघून जातो. ते घ्यायचं तर बारीक टायर बसवूनच घ्यावं.

माझं मत सव्वीस इंची चाकाच्या बाजूनं आहे, म्हणजे माउंटन बाइकचं ५५९ मिलिमीटरचं. याचा टायर आणि ट्यूब गल्लीतल्या दुकानातही असतो. एक सावधगिरी मात्र घ्या. जुन्या लेडीज सायकलीचा २६ × १⅜ हा टायरही सव्वीसचाच म्हणवला जातो, पण त्याचा रिम ५९०चा आहे आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला ५५९ किंवा ५९० हा आकडा वाचूनच पैसे द्या. पुढे शॉक नसलेली, १३ किंवा १४ इंची फ्रेमची साधी सायकल शोधा. जुनी मिळाली तर उत्तम, कारण आता बाजार साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकांकडे गेला आहे आणि चांगल्या सव्वीस इंची सायकली वापरलेल्याच मिळतात. तिचे खुरांसारखे टायर काढून गुळगुळीत टायर घाला.

क्रँकसाठी मिस्त्रीला मुलांच्या गिअरच्या सायकलीचा १५२चा चौकोनी आसाचा क्रँक मागवायला सांगा. आसाचं टोक चौकोनी असलं की तो बहुधा तसाच बसतो, चेनची रेघ सरळ येते का तेवढं पाहून घ्यावं. १३७ नाही मिळाला तरी १७०वरून १५२वर आल्यानंही गुडघ्याला साडेतीन सेंटिमीटरहून जास्त मोकळीक मिळते.

हँडलच्या बाबतीत घाई नको. रोड बाइकचं वाकडं हँडल सर्वांना हवं असतं, पण माउंटन बाइकची फ्रेम सरळ हँडल धरून आखलेली असते, म्हणजे मुळातच लांब. त्यावर वाकडं हँडल लावलं की ब्रेक धरायची जागा आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे जाते. शिवाय तिचे व्ही-ब्रेक जास्त तार ओढायला लावतात आणि रोड बाइकच्या साध्या मुठी तेवढी तार ओढत नाहीत, त्यामुळे ब्रेक नीट लागत नाहीत. खांद्याच्या रुंदीइतकं कापलेलं सरळ हँडल आणि आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) हे पहिल्या वर्षाला पुरे आहे. ब्रेकची मूठ हाताजवळ आणायचा छोटा स्क्रू बहुतेक मुठींवर असतो. लहान हातांसाठी तो फिरवून घेणं ही चैन नव्हे, ती सुरक्षितता आहे.

ज्यांना खरी रोड बाइकच हवी आहे, आणि ज्यांची आतली उंची ६८च्या वर आहे, त्यांनी इंदूर किंवा पुण्याला जाऊन ४४ सेंटिमीटरची फ्रेम स्वतः बसून पाहावी, फोटो पाहून मागवू नये. दुकानात सायकल थांबलेली असताना पायडल समोर आणून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि बूट चाकाला लागतो का ते पाहा. बूट घालून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून उभं राहा. दांडी आणि अंग यांत दोन बोटं तरी जागा हवी. स्टेम ६० ते ७० मिलिमीटरचा आणि हँडल ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद मागा.

शेवटची अडचण यंत्राची नाही, सवयीची आहे. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा आपल्याकडे आग्रह असतो. सीट योग्य उंचीवर असेल तर ते शक्यच नाही. आपल्या ६६ सेंटिमीटरच्या उदाहरणात सीटचा माथा जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपास येतो. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडीवर यायचं आणि एक पाय टेकायचा, निघताना पायडलवर उभं राहून मग सीटवर बसायचं. हे रेणुका देवी मंदिराच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यासारख्या कुठल्याही शांत जागी एका सकाळीत शिकता येतं. पाय टेकावा म्हणून सीट खाली केलेली सायकल घरापासून बाजारापर्यंत चालेल, असीरगडापर्यंत नाही.

तेव्हा दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी वही आणि टेप घेऊन भिंतीपाशी उभं राहा, आकडा कागदावर लिहा आणि तो दुकानदारासमोर ठेवा. तो ‘सवय होईल’ म्हणाला, तर सायकल घेऊ नका.